बिऱ्हाडगाडीची चाके

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला फोनवर विचारले, "तुम्ही इतकी वर्षे विलायतेत काढलीत, तिकडचे काहीतरी सांगा. विषय काय छापू?" मी म्हटले, "टायर." त्यांना ऐकू आले "तयारी". म्हणून आपल्या हातातल्या पत्रिकेवर "प्रवासाची तयारी" असे सुरेख अक्षरांत छापलेले आहे. चूक त्यांची नाही, बोलणाऱ्या बाईची आहे. साठी उलटलेली बाई टायरवर बोलेल असे कोणाला वाटावे? तरी पण मी टायरवरच बोलणार आहे. ज्यांना तयारीविषयी ऐकायचे असेल त्यांनी निराश होऊ नये, कारण टायर ही तयारीच आहे, आणि ती नीट नसली म्हणजे काय होते त्याची साक्षीदार समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. मी नाव घेत नाही, त्या माझ्या वन्सं आहेत एवढे सांगते.

आधी गाडी कोणती ते सांगते. आमच्या घरी शेफील्डला एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे हिचे बिऱ्हाड पोटात. आत दोन शेगड्यांचा गॅसचा ओटा, हातभर मोरी, पाण्याची टाकी, एक कपाट, आणि रात्री बाक उलगडला की दोघांची पथारी. छत वर उचलले की आत ताठ उभे राहता येते. ही फोक्सवॅगनची गाडी. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने 1947 साली वहीच्या पानावर एका पेटीसारख्या गाडीचे चित्र काढले, आणि 1950 साली जर्मनीत तशा गाड्या तयार होऊ लागल्या. पुढल्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या कारखान्याने तिच्यात संसार मांडायला सुरुवात केली. आमची गाडी त्या घराण्यातल्या तिसऱ्या पिढीची, 1986 सालची. इंग्लंडात तिला टी-25 म्हणतात, अमेरिकेत व्हॅनागन. इंजिन मागच्या बाजूला, पलंगाखाली. शक्ती 78 घोड्यांची, आणि त्यातले काही घोडे आता माझ्यासारखेच थकलेले आहेत.

आमच्या ह्यांनी ती 1998 साली घेतली. तिचे सारे हेच पाहत. तेलपाणी, पाने, जॅक हा त्यांचा प्रांत. डबे, चादरी आणि पाण्याची टाकी हा माझा. मी शाळेत गणित शिकवत होते, गाडी चालवता मला चांगली येत होती, पण चाकाकडे वाकून पाहण्याचा प्रसंग वीस वर्षांत कधी आला नव्हता. घरातल्या किती गोष्टी अशा असतात, नाही का? विम्याचे कागद कुठे आहेत, विजेचा मुख्य खटका कोणता, हे "त्यांना माहीत आहे" एवढेच आपल्याला माहीत असते. 2017 च्या जानेवारीत हे गेले. गाडी दीड वर्ष दारात उभी राहिली.

मग 2018 च्या जुलैत वन्सं इथून माझ्याकडे राहायला आल्या. मला जरा बाहेर काढावे हा त्यांचा हेतू. मी म्हटले, चला, स्कॉटलंडला जाऊ. भाऊ गेला तरी त्याची गाडी आहे. मुलगा नको म्हणत होता. मी त्याला ऐकवले की टायर पाहिलेत, नक्षी नव्यासारखी खोल आहे. आणि ती होतीही तशी. ह्यांना तर त्या नक्षीचा अभिमान होता. "बघ, झिजतच नाहीत," असे म्हणायचे.

एम-6 हा तिकडचा उत्तरेकडे जाणारा मोठा महामार्ग. शॅपच्या चढाच्या अलीकडे मागून फाटकन आवाज झाला. बंदुकीचा बार निघावा तसा. मागचे डावे टायर फुटले होते. गाडीची शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेली. वन्संच्या मांडीवर चिवड्याचा डबा उघडा होता, तो सबंध गाडीभर उधळला. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. ही हुशारी नव्हे, भीतीने पायच उचलला गेला नाही. पण पुढे कळले की तेच बरोबर होते: मागचे टायर फुटले की चक्र घट्ट सरळ धरायचे, आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. गाडी कडेला थांबली. आम्ही दोघी कठड्यापलीकडे गवतात जाऊन बसलो. शेजारून अजस्र मालमोटारी जात होत्या आणि प्रत्येकीच्या वाऱ्याने गाडी हलत होती. वन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, दादाला माहीत होतं का हो, हे असं व्हायचंय ते?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला मदतीला आलेल्या यांत्रिकाने दिले. तरुण मुलगा होता. त्याने टायरच्या भिंतीवर टॉर्च मारला आणि चार आकडे दाखवले: 1904. मला वाटले, हा काही कारखान्याचा नंबर. तो म्हणाला, 2004 सालचा एकोणिसावा आठवडा. म्हणजे ते टायर चौदा वर्षांचे होते. नक्षी शाबूत होती कारण गाडी वर्षातून चारदा निघायची. रबर मात्र उभ्या उभ्या वाळले होते, आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडल्या होत्या. शिळ्या भाकरीच्या पापुद्र्याला पडतात तशा. कॅम्पर व्हॅनचे टायर बहुधा झिजून मरत नाहीत, म्हातारपणाने मरतात. ह्यांना हे माहीत नव्हते. माहीत असते तर माझ्या माणसाने मला त्या टायरवर बसवले नसते.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे मोटार असेल त्यांनी आज घरी गेल्यावर खाली वाकून ते चार आकडे जरूर पाहावेत. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. इंग्लंडात मालमोटारी आणि बस यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरायला 1 फेब्रुवारी 2021 पासून बंदी झाली. आमच्यासारख्या गाडीला तो नियम लागू केलेला नाही. मी तो स्वतःला लावून घेतला आहे, आणि दहाच्या जागी सात धरले आहेत.

मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक आता." त्याचे चुकत नव्हते. मी त्याला म्हटले, "मला एक वर्ष दे. चाके मी स्वतः निवडीन. पुन्हा असे काही झाले तर तू म्हणशील त्याला गाडी देऊन टाकीन." तो हसला नाही. "ठीक आहे," म्हणाला. पण माझ्या लक्षात आले की आता ही गोष्ट नुसत्या टायरची राहिलेली नाही.

आता खरे पाहता सोपा मार्ग एकच होता. मूळच्या 14 इंची चाकांवर मूळच्याच मापाचे, म्हणजे 185 आर 14 सी, हे नवे टायर घालावेत आणि मोकळे व्हावे. ते मिळतात, स्वस्तही असतात. कोणी मला विचारले तर आजही मी आधी हेच सांगते. परंतु 14 इंची चाकाला चांगल्या कंपन्यांचे वजनदार टायर दिवसेंदिवस कमी होत आहेत, निवडीला वाव राहत नाही. शिवाय जुने टायर उंच भिंतीचे, आणि आमची गाडी अंगाने कपाटासारखी. आडवा वारा आला की भिंत दबते आणि गाडी डोलते. चाक थोडे मोठे आणि टायरची भिंत थोडी बुटकी असेल तर हे डोलणे कमी होते. आणि खरे सांगायचे तर तिसरे एक कारण होते. हे नेहमी म्हणत, "हिला मोठी चाके घालू. रुबाबदार दिसेल." मला तो रुबाब एकदा पाहायचा होता.

मी एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने मला पाहिले, गाडी पाहिली, आणि चकाकणारी 17 इंची चाके समोर ठेवली. त्यावर 225/45 आर 17 असे टायर. "मॅडम, ह्यापेक्षा मोठे तुम्हाला शोभायचे नाही," असे काहीसे तो म्हणाला. मी घरी येऊन पाटीवर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वाणसामानाच्या फळ्यावर, हिशेब मांडला. हा हिशेब सातवीच्या मुलीलाही येईल. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. दुसरा आकडा शेकडेवारी: भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती. शेवटचा आकडा चाकाचा व्यास, इंचांत. रुंदीला शेकडेवारीने गुणा, दोन भिंती म्हणून दुप्पट करा, त्यात चाकाचे इंच 25.4 ने गुणून मिळवा. 225 चे 45 टक्के म्हणजे 101 मिलीमीटर, दुप्पट 202, 17 इंचांचे 432. एकूण 634. आणि माझे जुने टायर? सुमारे 650. म्हणजे तीन इंचांनी "मोठे" चाक घालून गाडी उलट बुटकी होणार होती! नथ मोठी म्हणून नाक मोठे होत नाही.

पण खरी गोम पुढे होती. टायरवर ह्या मापांच्या पाठीमागे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते. अक्षर वेगाचे. आकडा वजनाचा, पण तो किलोत नसतो, संकेतात असतो. त्याचे कोष्टक पाहावे लागते. त्या चकाकणाऱ्या टायरवर 91 होते. कोष्टकात 91 म्हणजे एका टायरला 615 किलो. आमच्या गाडीच्या पाटीवर मागच्या आसावर 1300 किलोपर्यंत भार चालेल असे कोरलेले आहे. दोन टायरचे झाले 1230. सत्तर किलो कमी! सत्तर किलो म्हणजे, वन्संना राग येऊ नये, पण वन्संच.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या विक्रेत्याला हे विचारले. तो म्हणाला, "कोणी इतके भरून जात नाही हो." तेव्हा मी पुढच्या आठवड्यात गाडी भरली. पाण्याची टाकी, गॅसची नळकांडी, चादरी, पातेली, डाळ-तांदूळ, सारे जसे प्रवासाला नेतो तसे. आणि सार्वजनिक वजनकाट्यावर फक्त मागची चाके चढवून वजन केले. 1150 किलो भरले. म्हणजे विक्रेता अगदीच खोटे बोलत नव्हता. पण त्यात पाहुणे नव्हते. शिवाय आमचा ओटा, कपाट आणि पाणी एकाच अंगाला आहे. भार दोन चाकांवर सारखा वाटला जात नाही. आणि मोटारीला दिवसातून कधीतरी पूर्ण भार येतो, बिऱ्हाडगाडीवर तो निघाल्यापासून परत येईपर्यंत असतो. उभी असली तरी असतो. ज्या टायरला आयुष्यभर नाकापर्यंत पाण्यात उभे राहायचे आहे, त्याला बोटभर तरी जास्त उंची नको का? मी त्या दुकानाचा नाद सोडला.

त्यानंतर मला उलट्या टोकाचा मोह पडला. जुन्या गाड्यांच्या छंदी मंडळींचा एक मेळावा आमच्या भागात भरतो. तिथे एका गृहस्थांच्या गाडीला 16 इंची चाके आणि 215/65 चे टायर होते. काय दिसत होती ती गाडी! हत्तीवर अंबारी ठेवावी तशी. गृहस्थ भले होते. त्यांनी त्यांचा जादा संच मला आठ दिवस वापरायला दिला, बसवूनही दिला. फळ्यावर हिशेब केला तर उंची 686 आली. जुन्याहून 36 मिलीमीटर जास्त. गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे 18 मिलीमीटर, उचलली गेली. वजनाचा आकडाही भरपूर होता. मला वाटले, झाले, ठरले.

मग मी ती स्नेक पासला नेली. शेफील्डहून ग्लॉसपला जाणारा डोंगरातला रस्ता आहे हा, आपल्या घाटासारखा वळणावळणांचा. पूर्वी ज्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती कुरकुरत का होईना चढत असे, तिथे आता दुसरा घालावा लागला. कारण उघड आहे. चाक उंच झाले की एका फेऱ्यात ते जास्त अंतर तोडते. इंजिनाला तेवढेच जास्त ओढावे लागते. म्हणजे सगळे गिअर एकदम लांब पाऊल टाकू लागतात. सपाटीवर हे बरे, आवाज कमी होतो. पण 78 घोड्यांना भरल्या संसारासकट चढावर लांब ढांगा टाकायला लावणे म्हणजे छळच. ब्रेकनाही तसेच. उंच चाक थांबवायला जास्त जोर लागतो. वेगाचा काटाही खोटे बोलू लागला. तो 60 दाखवी तेव्हा खरा वेग 63 च्या वर असे. तिकडच्या कायद्याने काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. शिवाय वाहनतळात चक्र पूर्ण वळवले की पुढचे टायर आतल्या पत्र्याला घासून कर्र असा आवाज येई.

एवढे होऊनही मी कदाचित तीच घेतली असती. रुबाबाचा मोह वाईट. पण परत करायच्या आदल्या दिवशी मला एक शंका आली आणि मी स्टेपनीची जागा पाहिली. आमच्या गाडीची स्टेपनी पुढे, नाकाखाली, एका पत्र्याच्या ताटात आडवी ठेवलेली असते. ते ताट जुन्या चाकाच्या मापाचे आहे. 16 इंची चाक त्यात शिरेना. मी खाली रस्त्यावर पोते टाकून, पाठीवर झोपून, अर्धा तास खटपट केली. शेजारचे पोस्टमनसाहेब थांबून विचारू लागले, बाई, बरे वाटते ना? मग ते मोठे चाक ठेवायचे कुठे? पलंगाखाली इंजिन. छतावर चढवायचे तर मला उचलवत नाही. आणि ताटात जुने छोटे चाक ठेवून पंक्चरच्या वेळी एका बाजूला 686 चे आणि दुसऱ्या बाजूला 650 चे घालून चालवायचे, तेही मागच्या आसावर, हे मला पटेना. शॅपच्या कडेचे ते गवत मला आठवले.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ह्या गाडीला 16 इंची चाके शोभतच नाहीत असे नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ह्याच गाडीचा चारही चाकांनी ओढणारा एक प्रकार तयार होत असे, त्यात 16 इंची चाकांचाही एक नमुना होता. पण त्यासाठी कारखान्याने पत्र्याचा सांगाडा वेगळा कापला, ब्रेक वाढवले, गिअर बदलले. आपण नुसती चाके बदलायची आणि बाकी देवावर सोडायचे, ह्याला काय म्हणावे? ज्यांनी मोठे इंजिन बसवले आहे, किंवा ज्यांना खरोखर खडकाळ वाटेने जायचे आहे, त्यांनी खुशाल घ्यावीत. मला डांबरी रस्त्याने जायचे होते.

तेव्हा मधला मार्ग राहिला, 15 इंचांचा. फळ्यावर मांडले: 205/65 आर 15. 205 चे 65 टक्के 133, दुप्पट 266, 15 इंचांचे 381. एकूण 647. जुन्या 650 शी जवळजवळ जुळले. म्हणजे चाक मोठे, भिंत बुटकी, पण एकूण उंची तीच. गिअर तेच, काटा खरा, आणि मुख्य म्हणजे ताटात जुनी 14 इंची स्टेपनी नवा टायर घालून ठेवली तरी तिची उंची बाकीच्यांशी जुळते. त्याच मापात मालवाहू गाडीचा, म्हणजे पुढे "सी" अक्षर असलेला, टायर मिळतो. त्यावर 102 असा आकडा होता, म्हणजे एका टायरला 850 किलो. दोघांचे 1700. इथे माझा जीव भांड्यात पडला.

टायर ठरले, चाके राहिली. पुष्कळ लोक भंगारवाल्याकडून मर्सिडीजची चाके आणून ह्या गाडीला लावतात, कारण दोन्हींची पाच भोके 112 मिलीमीटरच्या वर्तुळावर आहेत. ऑडीचीही तशीच आहेत, पण तिच्या चाकाचे मधले भोक 57 मिलीमीटर, आणि आमचा हब जवळजवळ दहा मिलीमीटरने मोठा. तो शिरतच नाही. आणखी एक आकडा चाकावर ई-टी म्हणून असतो. चाक जिथे हबला टेकते ती जागा चाकाच्या मध्यापासून किती बाहेरच्या अंगाला आहे, ते तो सांगतो. तो आकडा जितका लहान तितके चाक अंगाबाहेर येते. फार बाहेर आले तर बेअरिंगवर ताण पडतो आणि चक्राला हिसके बसतात. फार आत गेले तर टायर आत घासते. आमच्या मूळ चाकांचा आकडा 39, मी घेतलेल्यांचा 35. चार मिलीमीटर बाहेर, एवढे चालते.

मर्सिडीजची जुनी चाके मी घेतली नाहीत. दिसायला चांगली होती, पण टायरला वजनाची मर्यादा असते तशी चाकालाही असते, आणि त्या चाकांवर ती मला कुठे वाचता येईना. मी ह्याच गाडीसाठी केलेली नवी चाके घेतली. आतल्या अंगाला 850 किलो असा आकडा ओतलेला आहे. महाग पडली. त्या वर्षी मी नवा गालिचा घेतला नाही.

बसवायच्या दिवशी मी स्वतः उभी राहिले. चाक बसल्यावर पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिली. सरकते दार उघडून ते मागच्या टायरला लागत नाही ना तेही पाहिले. नट-बोल्ट मापाच्या पान्याने 180 न्यूटन-मीटरला आवळून घेतले, आणि पन्नास मैलांनंतर पुन्हा मी माझ्या हाताने आवळले. एक गोष्ट मात्र मला त्या यांत्रिकाने सांगितली नसती तर घात झाला असता. नव्या चाकांच्या भोकांची बैठक शंकूसारखी आहे, जुन्या पोलादी चाकांची वाटीसारखी गोल. एकाचे नट-बोल्ट दुसऱ्याला लावले तर ते आवळल्यासारखे वाटतात, पण धरत नाहीत. म्हणून स्टेपनीसाठी जुन्या पाच नट-बोल्टांचा संच मी मसाल्याच्या डब्याशेजारी एका कापडी पिशवीत ठेवला आहे. पिशवीवर दोऱ्याने "स्टेपनी" असे भरतकाम केले आहे. अंधारात सापडावी आणि आणखी कोणी उघडली तरी कळावे.

विमा कंपनीला कळवले. न कळवता चाके बदलली तर पुढे दावा अडू शकतो. त्यांनी फोटो मागितले, एवढेच.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. मालवाहू टायर कडक असतात आणि त्यांत हवाही जास्त भरावी लागते, मागे पुढच्यापेक्षा जास्त. खड्डा आला की तो सरळ कपाटापर्यंत पोचतो. पहिल्याच फेरीत वाट्यांनी असा काही थयथयाट केला की शेवटी मी प्रत्येक वाटीत जुन्या लुगड्याचा तुकडा घालू लागले. वाऱ्यात डोलणे मात्र खरोखर कमी झाले.

2019 च्या जूनमध्ये वन्सं पुन्हा आल्या. गाडीत बसणार नाही असे इथूनच सांगून आल्या होत्या. मी आग्रह केला नाही. त्यांनी तीन दिवस दारातल्या गाडीकडे खिडकीतून पाहिले. चौथ्या दिवशी चिवडा करायला घेतला. मी समजले.

आम्ही एम-6 नेच गेलो. शॅपपाशी दोघीही बोललो नाही. कठड्यापलीकडचे गवत तेच होते. पुढे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नावाचे गाव आहे. तिथे जाताना बेलाख ना बा नावाचा घाट लागतो, 626 मीटर उंच, एकच गाडी जाईल एवढा रस्ता. पायथ्याशीच पाटी आहे की नवशिक्यांनी, फार मोठ्या वाहनांनी आणि कॅरव्हॅनवाल्यांनी जाऊ नये. वन्संनी ती मोठ्याने वाचली. मग म्हणाल्या, "आपण यातलं काय?" मी म्हटले, "आपण कशातच बसत नाही." दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्या, आम्ही चढत राहिलो. समोरून गाडी आली की वाट सोडायच्या जागी थांबत होतो. वळणे अशी की पुढचे चाक कड्यावर आहे असे वाटावे. इंजिन तापले, मी तापले, पण टायरांनी काही कुरकूर केली नाही.

माथ्यावर गाडी उभी केली. खाली समुद्र, पलीकडे बेटे. मी चहाचे आधण ठेवले. बाहेर पाहते तो वन्सं पदर खोचून मागच्या डाव्या चाकाशी उकिडव्या बसल्या आहेत, आणि चष्मा कपाळावर चढवून टायरची भिंत वाचत आहेत.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "एकशे दोनच आहे ना हो? मला शून्य नीट दिसत नाही."

मी सांगितले, एकशे दोनच आहे.

मुलाला तिथून फोटो पाठवला. गाडी विकण्याचे त्याने पुन्हा काढले नाही. पुढल्या वर्षी टायरची तारीख काय, एवढे मात्र दर वाढदिवसाला विचारतो.

फोटो आणले आहेत. ते वन्संच्या पिशवीत आहेत, चिवड्याच्या डब्याखाली. चहा झाल्यावर, हात पुसून मागावेत.